ख्रिस्ती विद्यापीठात शिकलेलं कोणी आहे का इथं? तुमच्याजवळ काय उरलं?

कोरेगावकरीण

नमस्कार मंडळी. माझ्या थोरलीला बंगळूरच्या एका ख्रिस्ती विद्यापीठात मानसशास्त्राला प्रवेश मिळालाय. फीचं कसंबसं जमवलं, हॉस्टेलही बघून आलो. आता घरात वेगळाच विषय पेटलाय. सासूबाई सकाळी वाती वळता वळता रोज एकच विचारतात, "पोरीला तिथं चर्चमध्ये नेणार का गं?" नणंदबाईंनी फोनवरून त्यात तेल ओतलं. लेक म्हणते, "आई, तू कुणाचं ऐकू नकोस." आणि मला स्वतःला यातलं काहीच ठाऊक नाही. माझी शाळा रयतची, कॉलेज साताऱ्याचं. फादर, सिस्टर बघितले ते पाचगणीला सहलीला गेल्यावर, बसच्या खिडकीतून.

नंबर कितवा, नोकऱ्या किती लागतात, हे सगळं नेटवर सापडतं, ते नकोय. अशा ठिकाणी तुम्ही चार वर्षं काढली असतील तर तुम्हाला काय आठवतं, आणि त्यातलं काय अजून अंगात राहिलंय, एवढंच मोकळेपणानं सांगा. सासूबाईंना वाचून दाखवणार आहे, तेव्हा जरा जपून लिहा.

चारभिंती

ताई, मी स्वतः शिकलेलो नाही, पण भाचा अशाच एका ठिकाणी होता. हजेरीचा नियम कडक असतो, गणपतीला आठ दिवस राहायला येईन म्हणाली तर जमणार नाही. हे आधीच बोलून घ्या, नाहीतर ऐन सणात रडारड.

आणि सासूबाईंना सांगा, साताऱ्याला हे सगळं नवीन नाही. ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक शेवटच्या काळात साताऱ्यातच येऊन राहिले होते. १९१७ साली त्यांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा इथंच मांडला. धर्म बदलला, पण कीर्तन-भजन नाही सोडलं माणसानं. बाकी अनुभवी लोक बोलतीलच.

पलूसचा पाटकरी

कोरेगावच्या ताई, नमस्कार. मी थोडं लांबण लावणार आहे, चहा घेऊन बसा.

मी शिकलो नैनीला. अलाहाबादसमोर यमुनेच्या अलीकडच्या काठाला नैनी आहे, तिथं अलाहाबाद अॅग्रिकल्चरल इन्स्टिट्यूट. मी १९८३ ला गेलो तेव्हा ते विद्यापीठ नव्हतं, पदवी अलाहाबाद विद्यापीठाची मिळायची. २००० साली अभिमत विद्यापीठ झालं आणि २००९ ला संस्थापकाचं नाव लागलं, सॅम हिगिनबॉटम. आमच्या पिढीच्या तोंडात मात्र नुसतं 'इन्स्टिट्यूट'च बसलंय.

सांगलीकडचं पोरगं तिकडं कुठं कडमडलं, तर राहुरीच्या कृषी विद्यापीठात नंबर लागला नाही. वडील किर्लोस्करवाडीला फाउंड्रीत मोल्डर. त्यांच्या खात्यातल्या एका साहेबांनी सांगितलं, "शेतीतल्या इंजिनिअरिंगची पदवी देशात पहिल्यांदा नैनीलाच निघाली, १९४२ साली. पाठव तिकडं." वडिलांना मिशन-बिशनचं काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी एकच विचारलं, "तिथं पोरांना भट्टीजवळ जाऊ देतात का?" साहेब म्हणाले, "जावंच लागतं." झालं, ठरलं. आई वारकऱ्याची लेक. तिनं गळ्यात तुळशीची माळ घातली आणि म्हणाली, "ही काढ म्हणाले तर माघारी ये." ताई, तुमच्या सासूबाईंचा प्रश्न तेव्हा माझ्या आईनंही असाच विचारला होता, फक्त कमी शब्दांत.

माळ कुणी काढायला सांगितली नाही. लेथवर काम करताना वर्कशॉपचे मास्तर तेवढे म्हणायचे, "शर्ट के अंदर डालो, मशीन में फँसेगी." चार वर्षांत त्या माळेबद्दल कुणी बोललं असेल तर एवढंच.

आता हा हिगिनबॉटम कोण? मूळचा मँचेस्टरचा, अमेरिकेत शिकला आणि १९०३ साली मिशनरी म्हणून हिंदुस्थानात आला. अलाहाबादच्या ख्रिस्ती कॉलेजात त्याला अर्थशास्त्र शिकवायला उभं केलं. पोरांना घेऊन आजूबाजूच्या खेड्यांत फिरायला लागला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की आपण वर्गात जे बोलतोय त्याचा या रानाशी काही संबंध नाही. मग गडी परत अमेरिकेला गेला, वयाच्या तिशीत पुन्हा विद्यार्थी होऊन शेती शिकला आणि परत आला. १९१० साली नैनीला पावणेतीनशे एकर जमीन घेऊन इन्स्टिट्यूट सुरू केली. जमीन कसली? नदीकाठची घळी पडलेली, कांस गवतानं खाल्लेली. शहाणा शेतकरी ती फुकट दिली तरी घेणार नाही. त्यानं मुद्दाम तशीच घेतली म्हणतात, चांगल्या जमिनीत पीक काढून दाखवलं तर त्यात काय मोठं!

हे वडिलांना पत्रात कळवलं तेव्हा त्यांचं उलट टपाली उत्तर आलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर वाडी वसवली तीही १९१० सालीच. वडिलांना याचं इतकं अप्रूप वाटलं की ते फाउंड्रीत ज्याला त्याला सांगत सुटले. त्यांच्या लेखी तेव्हापासून नैनी म्हणजे वाडीची पाहुणी.

आमच्याकडं अवजारांची एक मोठी शेड होती. तिथं मेसन व्हॉ या अमेरिकन इंजिनिअरनं बनवलेले नांगर ठेवलेले. हा माणूस १९२१ ला आला आणि त्यानं उभी हयात हलक्या नांगरांच्या मागं घालवली. तिकडचे बैल आपल्या खिलारासारखे नाहीत, लहानखुरे, त्यांना जड लोखंडी नांगर ओढवत नाही. म्हणून त्यानं त्यांना ओढवतील असे नांगर केले, आणि नावं काय दिली, तर 'वाह-वाह' आणि 'शाबाश'! पहिल्या दिवशी मी हसत सुटलो. शिकवणारे सर म्हणाले, "हँसो मत, चलाओ." चालवला. सरळ तास काही निघेना. दोन बैल, एक नांगर आणि आख्खा वर्ग बांधावर उभा राहून शेरे मारतोय. त्या दिवशी मला कळलं की माझा आजा अडाणी नव्हता.

त्या नांगराचं चित्र काढून मी अंतर्देशीय पत्रावर वडिलांना धाडलं. त्यांचे प्रश्न बघा: फाळ ओतीव आहे की ठोकलेला? वजन किती? झिजला तर गावचा लोहार बदलून देईल का? मी जाऊन सरांना विचारलं. सरांनी मलाच शेडमध्ये नेऊन फाळ काढायला लावला, तराजूवर ठेवायला लावला आणि म्हणाले, "अब लिखो पिताजी को." पुढं वडिलांच्या पत्रातले प्रश्न वर्गात चर्चेला यायला लागले. वडील सातवी पास, आणि त्यांच्या प्रश्नांवर कृषी अभियांत्रिकीचा वर्ग बोलतोय. ताई, ही गोष्ट सांगताना आजसुद्धा माझा आवाज जरा वेगळा होतो, घरचे हसतात.

किर्लोस्करांचा पहिला लोखंडी नांगर विकायला दोन वर्षं लागली होती, कारण लोखंडानं जमीन विषारी होते अशी शेतकऱ्याची समजूत. ही हकीकत मी तिथं सांगितली तेव्हा एक सर म्हणाले, शेतकऱ्याला मूर्ख ठरवायच्या आधी दोन वर्षं थांबायची तयारी ठेवा. हे वाक्य मी पुढं नोकरीत किती वापरलंय, सांगता येत नाही.

पहाटेचं शेतावरचं काम सगळ्यांना सक्तीचं. थंडीत धुकं असं की हातातलं फावडं दिसायचं नाही. गोठ्यात जर्सी आणि लाल सिंधीच्या संकरातून तिथंच तयार केलेल्या गाई होत्या, जर्सिंड म्हणायचे. शेण काढायची पाळी लागायची. बनारसचा एक मित्र होता, घरी भिक्षुकी, त्याच्या घरी कुणी झाडूलासुद्धा हात लावला नसेल. पहिल्या आठवड्यात तो तोंडाला उपरणं बांधून यायचा. तिसऱ्या महिन्यात तोच आम्हाला शेणाचा रंग बघून गाईचं पोट कसं आहे ते सांगायला लागला. कोण कुठल्या जातीचा हे पहाटे साडेपाचला कुणाच्या डोक्यात येत नाही, झोप एवढीच एक जात असते. ताई, तुम्ही रयतच्या, तुम्हाला मी काय सांगायचं? कर्मवीरांनी 'कमवा आणि शिका' केलं ते याच्याहून फार वेगळं नव्हतं. फरक असलाच तर इतकाच, की तिथं कामाला जाण्याआधी कुणीतरी दोन मिनिटं प्रार्थना म्हणायचं आणि आम्ही टोपी काढून जांभया दाबत उभे राहायचो.

आता धर्माचं. आवारात चॅपल होतं, रविवारी प्रार्थना असायची. ज्याला जायचं तो जायचा. मी कधी गेलो, कधी नाही. गेलो तो बहुतेक गाण्यासाठी, कारण नागालँड-मिझोरामची पोरं जे गायची ते ऐकून अंगावर काटा यायचा. चार आवाज चार बाजूंनी येऊन एकाच ठिकाणी भेटायचे. आपल्याकडं भजनात सगळे एका सुरात, तिथं प्रत्येकाचा सूर वेगळा आणि तरी भांडण नाही. कधी पाहुणे प्रवचनकार यायचे. त्यातल्या एकाचं प्रवचन मी पूर्ण झोपून काढलंय, आणि जाग आली तेव्हा शेजारी बसलेले वॉर्डन सरही डुलत होते. कुणी छोटी पुस्तिका हातात ठेवायचं. घेतली, वाचली, ट्रंकेत ठेवली. जबरदस्ती म्हणाल तर ती फक्त मेसमधल्या भोपळ्याच्या भाजीची.

नाताळला जी पोरं घरी जात नसत ती मिळून हॉस्टेलच्या अंगणात गायची. केरळची मल्याळममध्ये, नागा पोरं त्यांच्या बोलीत, पंजाबी पंजाबीत. माझ्यावर पाळी आली तेव्हा मला येशूचं एकही गाणं येईना. वॉर्डन म्हणाले, "जो आता है वही गाओ." मग मी आईकडून शिकलेला एक अभंग म्हटला, टाळ नव्हते म्हणून ताटली-चमचा घेतला. दुसऱ्या कडव्याला सगळं अंगण ताटल्या वाजवत होतं. पुढच्या वर्षी मी विसरलो तर पोरांनीच आठवण केली, "मराठा, तेरा प्लेटवाला गाना."

पण त्या जागेनं मला खरं काय दिलं ते मला १९८४ च्या ३१ ऑक्टोबरनंतर कळलं. इंदिराबाईंना मारलं. अलाहाबाद म्हणजे त्यांचं माहेर, आनंद भवनाचं गाव. शहरातलं वातावरण कसं झालं असेल, समजून घ्या. आमच्या हॉस्टेलात लुधियानाकडची दोन सरदार पोरं होती. वॉर्डन सर संध्याकाळी आले, फार बोलले नाहीत. दोघांना म्हणाले, पांघरूण घ्या आणि माझ्या घरी चला. स्वतःची खोली त्यांना दिली आणि आपण व्हरांड्यात खाट टाकून झोपले. आम्ही पाळ्या लावून फाटकाजवळ बसायचो, मी, बनारसचा तो भिक्षुकाचा पोरगा आणि एक नागा दोस्त. कुणी आलं नाही. सुदैवच म्हणायचं, आलं असतं तर आम्ही तिघांनी काय दिवे लावले असते देव जाणे. त्या दिवसांत मेसमध्ये त्या दोघांची ताटं वॉर्डनबाई स्वतः वाढून न्यायच्या. नंतरही सरांनी त्यावर कधी भाषण दिलं नाही. परीक्षेत त्यातल्या एकाला नापासही केलं!

लगेच डिसेंबरात लोकसभेची निवडणूक आली आणि अलाहाबादेतून अमिताभ उभा राहिला, समोर बहुगुणा. मग काय, प्रॅक्टिकलला दांड्या. १८६५ सालचा तो जुना नैनी पूल, वरून रेल्वे आणि खालून रस्ता, त्यावरून आम्ही गर्दीत चेंगरत गेलो आणि शेवटी लांबून एक हलणारा हात पाहून आलो. तो हात त्याचाच होता की नाही यावर हॉस्टेलात महिनाभर वाद चालला.

आता उरलं काय, ते सांगतो.

परत येऊन मी सरकारी नोकरीत लागलो. आधी जत-आटपाडीकडं बांधबंदिस्ती, नंतर बरीच वर्षं कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनी. वाळवा, पलूस, मिरज पट्ट्यातल्या लोकांना सांगायला नको, उसाला पाणी पाजून पाजून काळी जमीन कशी पांढरी झाली ते. त्याला इलाज म्हणजे जमिनीखाली चारेक फुटांवर भोकं पाडलेले पाइप जाळी गुंडाळून पुरायचे, ते मोठ्या पाइपला जोडायचे आणि खारं पाणी ओढ्याला काढून द्यायचं. मग पावसाळ्यामागून पावसाळा मीठ धुपत जातं. शास्त्र सोपं आहे. अवघड असतो तो बांध. कारण पाणी काढायला खालच्या शेतकऱ्याच्या रानातूनच जावं लागतं, आणि खालचा शेतकरी म्हणजे चुलतभाऊ, आणि चुलतभावाशी आजोबांपासून कोर्टात.

अशा ठिकाणी झाडाखाली खुर्ची टाकून माहिती सांगणारे अधिकारी मी खूप बघितले. मला ते कधी जमलंच नाही. मी चारीत उतरायचो, पॅन्ट गुडघ्यापर्यंत, आणि खालूनच बोलायचो. शेतकरी वर, साहेब खाली चिखलात, यानं अर्धं भांडण आपोआप निवतं. एक म्हातारा एकदा वरून ओरडला, "साहेब, वर या, मी बघतो त्याच्याकडं," आणि स्वतः चालत चुलतभावाच्या दारात गेला, पंधरा वर्षांनी. मी हे कुठं शिकलो? नैनीच्या त्या घळीत. सर्व्हे शिकवणारे आमचे सर गमबूट घालून आमच्याआधी घळीत उतरलेले असायचे आणि खालून लेव्हल सांगायचे. वर उभं राहून सूचना देणारा शिक्षक मी तिथं पाहिला नाही. त्यांनी त्याला सेवा म्हणायचं, प्रभूचं काम म्हणायचं. मी त्याला काही म्हणत नाही, नुसता उतरतो. पण तो उतरायचा रस्ता त्यांनीच दाखवला, हे मी कुणासमोरही सांगेन.

संस्थेचं ब्रीद जमिनीची सेवा आणि भुकेल्याला अन्न अशा अर्थाचं होतं. आमच्या देव्हाऱ्यात विठोबा आहे, येशू नाही. पण माझ्या हातून कधी शेतकऱ्याचा कागद टेबलावर आठवडाभर पडून राहिला तर मला विठोबाच्या आधी ते वॉर्डन सर दिसतात. असं का, मी शोधायला गेलो नाही.

मिरजेची सिस्टर

पाटकरी दादा, फार छान लिहिलंय. दोन ओळी माझ्याही.

मी काही विद्यापीठात नव्हते, मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंग केलं. डॉक्टर वानलेस १८८९ ला या भागात आले, १८९४ ला हॉस्पिटल उभं राहिलं, पुढे १९२८ ला त्यांना 'सर' किताब मिळाला. मिरज आज दवाखान्यांचं गाव आहे त्याचं मूळ तिथं. वानलेसवाडीचं नावही त्यांचंच, हे आता रिक्षावाल्यांनाही माहीत नसतं.

आमच्या ट्यूटर सिस्टर चादरीचा कोपरा बोटानं तपासायच्या. सैल असेल तर आख्खा बेड परत. पण राग त्याहून जास्त यायचा तो एखादीनं "बारा नंबरचा पेशंट" म्हटल्यावर. "बारा नंबर खाटेचा आहे, माणसाला नाव आहे," म्हणायच्या. तीस वर्षं नोकरी केली, सरकारीतही केली, खाजगीतही केली, पण मी खाटेचा नंबर कधी तोंडात घेतला नाही. माझ्या हाताखालच्या मुली चिडवायच्या. आता त्यातल्याच एकीला तिच्या ज्युनिअरवर ह्याच कारणावरून ओरडताना ऐकलं.

ड्यूटीच्या आधी प्रार्थना असायची. मी मुसलमान. अब्बांनी आधीच सांगितलं होतं, उभी राहा, मान खाली घाल, मनात आपलं म्हण. कुणी विचारलं नाही काय म्हणतेस. उलट रमजानमध्ये रात्रपाळीला असले की केरळची एक रूममेट गजर लावून मला सहेरीला उठवायची आणि स्वतः परत झोपायची. ताई, आजींना हेही वाचून दाखवा.

कोरेगावकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर मोठ्यानं वाचून दाखवलं. सासूबाई ताटलीच्या अभंगाला हसल्या, सरदार पोरांच्या गोष्टीला गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "त्या वॉर्डनबाईचं नाव काय रे, विचार." आमच्या ह्यांनी नांगराचंच धरून ठेवलंय, त्यांना वाह-वाह नांगर बघायचाय. आणि लेकीचा प्रश्न असा, की पाटकरी काका, तुम्हाला तिथं एकटं नाही वाटलं का? तिला सगळ्यात जास्त भीती त्याचीच आहे, ती बोलून दाखवत नव्हती.

आणखी एक विचारते. चतुर्थीचा उपास ती करते. तिथं जमेल का?

पलूसचा पाटकरी

लेकीला सांगा, वाटलं. पहिला पावसाळा फार वाईट गेला. भाकरी नाही, अरहरची डाळ आणि मोठ्या मोठ्या रोट्या, बोलायला मराठी माणूस नाही. माझी हिंदी म्हणजे मराठीला 'है' लावलेलं. रविवारी नैनी स्टेशनवर जाऊन मुंबईकडून येणाऱ्या गाड्या बघत बसायचो, कुणी मराठीत बोलतंय का म्हणून. माघमेळा लागला तेव्हा पंढरपूरकडचं एक म्हातारं जोडपं भेटलं, त्यांना संगमावर नेऊन आणलं. त्या बाईनं हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवला तेव्हा मला रडू आलं. मग हळूहळू सुटलं ते. माझं तर नांगरामुळं सुटलं, तिचं कशानं सुटेल ते तिथंच कळेल. गाणं येत असेल तर गायला लावा, खेळत असेल तर खेळू द्या. खोलीत बसून रोज व्हिडिओ कॉल करत राहिली तर मात्र वर्ष जड जाईल. तुम्ही पण रोज करू नका.

चतुर्थीला अडचण यायची नाही. साबुदाणा आणि दाण्याचं कूट बरोबर द्या. पण हॉस्टेलच्या खोलीत शेगडी लावून देणार नाहीत, म्हणून मेसच्या मावशींशी पहिल्याच आठवड्यात ओळख करून घ्यायला सांगा. सगळ्या हॉस्टेलांत खरी सत्ता तिथं असते, धर्म कुठलाही असो.

वॉर्डनबाईंचं नाव इथं लिहीत नाही, त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय बरं दिसत नाही. दोघंही आता नाहीत. आजींना माझा नमस्कार सांगा.

नांगराचा फोटो माझ्याकडं होता, वडिलांच्या पत्रांबरोबर. २०१९ च्या पुरात ती पेटीच गेली. नैनीचं कुणी इथं असेल, १९८० ते ९० मधलं, आणि त्यांच्याकडं अवजारांच्या शेडचा एखादा फोटो असेल तर इथं टाका. वाह-वाह नसला तर शाबाशही चालेल. चारभिंती, तुमच्या भाच्याला पण विचारा, आजकालच्या पोरांना जुनं कुठून कुठून शोधून काढता येतं.